वर्षभर एकच टेकडी

अगं, आपल्या निसर्गग्रुपच्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा तुझा तक्ता मिळाला. मेहनत दिसतेय, तारखा सुट्ट्या बघून लावल्यास तेही बरं केलंस. पण एक सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. बारा महिन्यांत तू जवळजवळ बारा ठिकाणं टाकलीयेस, काजवे भंडारदऱ्याला, फुलं कासला, फ्लेमिंगो भिगवणला, कासवं वेळासला, आणि पुण्यातल्या ज्या वेताळ टेकडीच्या आजूबाजूला आपल्या ग्रुपमधली निम्मी मंडळी राहतात तिच्या वाट्याला फक्त जूनमधलं वृक्षारोपण. हे उलटं कर. टेकडीवर दर महिन्याला एक फेरी, तीच वाट, साधारण तीच वेळ, आणि बसच्या ट्रिपा वर्षाला दोन, फार तर तीन.

बसने एकदा जाऊन आलेला माणूस खूश होतो, फोटो टाकतो, आणि तिथेच विषय संपतो कारण ती जागा आधी कशी होती आणि महिन्याने कशी दिसेल हे त्याला कळायला वावच नसतो. तेच टेकडीवर वर्षभर येणाऱ्याला आपोआप प्रश्न पडायला लागतात, इथलं गवत कोणी जाळलं, ही खुणेची पट्टी कसली लागलीये, खाणीतलं पाणी यंदा लवकर का आटलं. 2023 मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करायला लोक बाहेर पडले ना, त्यात टेकडीवर रोज चालायला जाणारे किती होते आठव. माणूस ओळखीच्या जागेसाठीच भांडतो गं.

सुरुवात फेब्रुवारीत कर, जूनची वाट बघू नकोस. तेव्हा टेकडी वाळलेली असते, लोक म्हणतात आत्ता काय बघायचं, आणि नेमकी तेव्हाच काटेसावर, पळस, पांगारा फुललेले असतात. चालवू नकोस कोणाला, एका सावरीखाली सगळ्यांना अर्धा तास बसव. फूल चांगलं ओंजळीएवढं, मांसल पाकळ्या, तळाशी मधुरस, आणि झाडाला एक पान नाही त्यामुळे कोण येतं कोण जातं सगळं उघड दिसतं. शिंजीर, कोतवाल, बुलबुल, खारी, नशीब असेल तर भोरड्यांचा अख्खा थवा, आणि खाली गळलेल्या फुलांवर मुंग्या आणि मधमाश्या वेगळ्याच. ज्याला एकाही पक्ष्याचं नाव येत नाही तोही अर्ध्या तासात सांगायला लागतो की तो काळा मघाशी त्या दुसऱ्याला हाकलत होता. नावं मग सांग. त्याच महिन्याच्या मध्यावर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे, म्हणजे जगभरच्या पक्षीगणनेचे, चार दिवस असतात, एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबून दिसेल ते मोजायचं आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकायचं, म्हणजे सावरीखालचं हे बसणं थेट नोंदीत जातं. चिमणी-कावळेसुद्धा लिहायला लाव, लोक दुर्मिळ तेवढंच लिहितात आणि यादीचा उपयोग निम्मा होतो.

फेब्रुवारी-मार्चमध्येच एक कष्टाचा रविवार ठेव, वनखात्याला आधी पत्र देऊन जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला मदत. वाळलेल्या गवताला एक काडी पुरते, आणि वणवा गेला की जमिनीवर घरटी करणारे तित्तिर-चंडोल, सरडे, रोपटी सगळंच जातं. या कामाला फोटो बरे येत नाहीत म्हणून गर्दी होत नाही, चालेल, जे दहाजण येतील ते पुढे ग्रुप चालवतील.

मे संपता संपता पहाटे लवकर जा, नवरंग पक्षी आलेला असतो. झाडीतून त्याची दोन सुरांची शिट्टी ऐकू येते, दिसेलच असं नाही. आणि इथे एक कडक नियम कर, मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, कोणीही, कितीही मोठा फोटोग्राफर असला तरी. विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून धावत येतो, खाणं सोडून. घुबडाच्या घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही हेही त्यातच घाल.

काजव्यांची ट्रिप मात्र काढून टाक असं माझं स्पष्ट मत आहे. काजव्यांचं सगळं बोलणंच उजेडाचं, नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, आणि आपण तिथे हेडलाइट, टॉर्च, मोबाईल घेऊन रांगेने जातो, शिवाय पायाखाली किती चिरडतात त्याचा हिशोब नाही. शनिवार-रविवारी तिथे किती गाड्या येतात तू स्वतः पाहिलंयस. आपण त्यात अजून एक बस कशाला घालायची.

आता वृक्षारोपण. यावर तुझं माझं वाजणार आहे, वाजू दे. टेकडीचा जो उघडा गवताळ भाग आहे तो रिकामा नाहीये. तिथे खड्डे खणून झाडं लावली की चंडोल, तित्तिर, पावसाळी कंदवर्गातली फुलं यांची जागा जाते. पूर्वी गिरिपुष्प, म्हणजे परदेशी ग्लिरिसिडिया, लावून हिरवं केलंच की पुण्याच्या टेकड्यांवर, आज त्याच्याखाली काय उगवतं जाऊन बघ. लावायचंच असेल तर जिथे आधी झाडी होती तिथे, सालई, धावडा, मोई, मेडशिंगी, मोजकीच, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याची नावं आधी लिहून. सीड बॉल, म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून फेकणं, नको.

त्याऐवजी पावसाळ्यात गवत बघायला ने. जुलैत भुईवरच्या आमरी, मग कळलावी, सोनकी, कवला, आणि पावसाळा सरता सरता कंदीलपुष्प. हे एकच फूल तासभर पुरतं बघ. नळीसारखं, आत केस खालच्या दिशेने वळलेले, बारीकशी माशी आत शिरते आणि अडकते, मग ते केस सुकले की परागकण घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. भिंग ने, आणि गुडघ्यावर बसून बघायला सांग. मुलं तर उठतच नाहीत. पण तोडायचं नाही, कंद उकरायचा नाही, आणि गवतात एकामागे एक चालायचं, पसरायचं नाही. पंधरा माणसांच्या वर घेऊ नकोस, जास्त आली तर दुसरा दिवस काढ.

नोव्हेंबरची 5 ते 12 तारीख पक्षी सप्ताहाला राखून ठेव, 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, राज्य सरकारने 2020 पासून तो जाहीर केलाय त्यामुळे शाळा त्या आठवड्यात आनंदाने हो म्हणतात. आणि संक्रांतीच्या आधी शाळांमध्ये नायलॉन मांजावर बोलायला जा, नंतर झाडांवर अडकलेला मांजा काढायला.

बसच्या ट्रिपा दोन सुचवतो. हिवाळ्यात मयूरेश्वर, सुप्याजवळ, पाचेक चौरस किलोमीटरचं छोटंसं अभयारण्य, चिंकारा दिसतात आणि गवताळ रान म्हणजे काय ते लोकांना न सांगता कळतं. दुसरी मार्चमध्ये कोकणातलं वेळास. तिथे 2002 पासून गावकऱ्यांना धरून कासवांच्या घरट्यांचं काम उभं राहिलं, गावातल्या घरांतच राहायचं-जेवायचं, पैसे थेट त्या घरांत जातात, म्हणून ही ट्रिप मला पटते. फक्त बुकिंग घेतानाच सांग की पिल्लं निघतीलच याची गॅरंटी नाही, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वाट बघायची आणि तरी नाही निघाली तर नाही. कासला सध्या जाऊ नको, ज्यांना जायचं ते आपापले बुकिंग करून आडवारी जातील.

आणि प्रत्येक फेरीआधी बायकांसाठी टॉयलेटची सोय कुठे आहे ते मेसेजमध्ये लिही. हे कोणी लिहीत नाही आणि मग बायका पाणी न पिता चालतात किंवा येतच नाहीत.

तक्ता दुरुस्त करून पाठव. वनखात्याच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, तो उद्या टाकतो, त्यात तारीख तेवढी तू भर.

काका