फॅन फिरतोय म्हणजे हवा मिळतेय असं नाही (महिंद्रा एमएम ५४० जीप)

पाण्याच्या पंपावरचा फॅन काढून १४ इंची इलेक्ट्रिक फॅन बसवलात, आता रात्री कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे जातो आणि फॅन तर फिरताना दिसतोय, हे तुमचं दुखणं वाचताक्षणी ओळखलं. माझं हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सीलची पट्टी) यातच गेलं. रेडिएटर धुवा, थर्मोस्टॅट बदला हे सगळे सांगतीलच. आधी मल्टिमीटर घ्या.

इंजिन, फॅन, हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट बघा, मग फॅनच्या कनेक्टरवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे दोष वायरिंगचा. इग्निशनची बारीक वायर हाताशी असते म्हणून वायरमन तिच्यावरूनच फॅनची लाइन घेतात. असा फॅन १५-२० अँपिअर ओढतो, सुरू होताना दुप्पट. साडेतेराऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर हवा साधारण पाचव्या हिश्शाने घटते. फ्यूज होल्डर उघडून बघा: प्लास्टिक तपकिरी आणि पत्ती काळी पडलेली असेल.

लाइन थेट बॅटरीवरून घ्या. बॅटरीजवळच ४० अँपिअर फ्यूज, तिथून रिलेच्या (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; आकडे त्याच्या पिनांचे) ३० ला, ८७ वरून फॅनला. वायर ४ चौरस एमएम, अर्थही तेवढीच जाड. ८६ ला इग्निशन, ८५ थर्मो स्विचमधून (पाणी तापलं की चालू होणारा, रेडिएटरमध्ये बसणारा स्विच) अर्थला. बॅटरीवरच १२.५ च्या खाली दिसलं तर जुना अल्टरनेटर पुरत नाही; मग वायर बदलून काही होणार नाही.

थर्मो स्विच दोन टोकांचाच घ्या. एका टोकाचा असेल तर तो अर्थ आट्यांतून घेतो; आट्यांवरची टेफ्लॉन टेप ती अर्थ तोडू शकते, शिवाय रेडिएटर रबरावर बसलेला असतो. थर्मोस्टॅट ८२ चा असेल तर ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा स्विच बरा. रेडिएटरच्या जाळीत खुपसायचा तापमानाचा प्रोब मला अजिबात पटत नाही. फॅन जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधणं तर त्याहून वाईट: थरथरीने नळ्या घासतात. पत्र्याचा श्राउड (फॅनभोवतीचं, पूर्ण जाळी झाकणारं आवरण) करून घ्या, नाहीतर फॅनच्या गोलाबाहेरची जाळी तशीच हवेविना राहते.

हे एसी नसलेल्या गाडीपुरतं. एसी असेल तर एक फॅन पुरेलच असं मी म्हणणार नाही.

आणि पंपाच्या पुलीचे बोल्ट तपासा. फॅन निघाला की तेच बोल्ट लांब पडतात, तळाला टेकतात आणि घट्ट वाटले तरी पुली ढिली राहते. आखूड बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर.