मचाणावर बसण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाण मिळालं, वाचून बरं वाटलं. वाघ दिसेल का, असं विचारलंयस. दिसेलही, पण नुसती त्याचीच वाट बघत बसलीस तर बाकीची जत्रा हुकेल.

पूर्वी या रात्री पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजत, म्हणून तिला गणना म्हणत. पण एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेलं की दोनदा मोजलं जायचं, आणि एखादं जनावर त्या रात्री फिरकायचंच नाही. २००६पासून वाघांचा देशभरातला अंदाज दर चार वर्षांनी बांधतात, तो मुख्यतः कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप निघणाऱ्या, फोटोंतल्या पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून आता या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. माझ्या मते हेच जास्त प्रामाणिक.

कपडे मळखाऊ रंगाचे घाल. अत्तर, डिओ घरीच राहू दे. खायला पोळीभाजी ने. वेफर्सचं पाकीट अजिबात नको, त्याचा चुरचुर आवाज पाणवठ्यापर्यंत जातो. मोबाइल सायलेंट करून भागत नाही, बंदच कर. स्क्रीनच्या उजेडात तुझा चेहरा लांबून दिसतो.

चांदण्यात रंग कळत नाहीत, तेव्हा आकार आणि चाल बघ. नीलगायीची पाठ मागे उतरती असते. गवा अंधारात विरघळून जातो, पण गुडघ्याखालचे पाय पांढुरके. आधी नुसते पायच चालत आल्यासारखे वाटतील. अस्वल मान खाली घालून डुलत येतं. सांबराचा मात्र अंत लागत नाही. पाणी चार पावलांवर असतं, तरी कान फिरवत उभं राहील, एक पाऊल टाकेल, पुन्हा थांबेल. तेवढ्या वेळात तू कूस बदललीस की संपलं, न पिताच जाईल.

वाघ-बिबट्याची चाहूल लागली की हरणं ओरडून इशारा देतात. चितळ एकदाच ओरडून गप्प झालं तर फारसं मनावर घेऊ नकोस. सांबर एकाच दिशेला तोंड करून पुन्हापुन्हा ओरडत राहिलं, तर तिकडे बघ. सोबत तिथले कोरकू आदिवासी वनमजूर असतील तर त्यांना हे सगळं तुझ्याआधी कळेल. त्यांनी बोट दाखवलं की लगेच ‘कुठे, कुठे?’ करू नकोस.

नोंद तिथल्या तिथे कर: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू. ओळखू आलं नाही तर तसंच लिही. अंदाजाने ‘बिबट्या’ ठोकून देऊ नकोस, आणि तासभर काहीच आलं नाही तर तेही लिही.

पुढच्या पत्रात तो कागद पाठव, फोटो नाही पाठवलेस तरी चालतील.

तुझा,
काका