ड्राइव्हवेवरची गाडी, विमा आणि पोलीस

वाचकांचे प्रश्न. या वेळचे सगळे प्रश्न ब्रिटनमधल्या वाचकांचे आहेत. उत्तरं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहेत.

प्रश्न : चार महिने भारतात जातोय. गाडी माझ्याच ड्राइव्हवेवर उभी राहील, चालवणार कोणी नाही. विम्याची मुदत मध्येच संपते. नाही काढला तर काय बिघडलं? आपल्या जागेतल्या गाडीला कोण हात लावणार?

उत्तर : हात लावला नाही तरी दंडाचं पत्र दारात पडेल. भारतातून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते. भारताच्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १४६ ‘सार्वजनिक ठिकाणी’ वाहन वापरण्याबद्दल आहे. ब्रिटनमध्येही पूर्वी विम्याची सक्ती गाडी वापरण्यापुरती होती. २०११ पासून मात्र गाडी नुसती नावावर असली तरी विमा लागतो. गाडी हलली की नाही हे कोणी बघायलाही येत नाही. डीव्हीएलएची (गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं) नोंद आणि विमा कंपन्यांचा सामायिक डेटाबेस (एमआयडी) ताडून पाहतात आणि ज्या नंबरावर विमा दिसत नाही त्याच्या रजिस्टर्ड कीपरला, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलीय त्याला, पत्र जातं. त्याकडे दुर्लक्ष केलं तर १०० पौंड दंड, कोर्टात गेलं तर १,००० पर्यंत. विमा नसलेली गाडी रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी सापडली तर जॅमर लागतो, ती उचलूनही नेतात.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे सॉर्न, अर्थात ‘गाडी रस्त्यावर नाही’ असं डीव्हीएलएला कळवणं. फी नाही, ऑनलाइन किंवा फोनवर होतं. मेख आहे ती नंबरात. लॉगबुकवरचा (व्ही५सी) ११ आकडी नंबर दिलात तर सॉर्न त्याच क्षणी लागू होतं. वाहन टॅक्सच्या स्मरणपत्रावरचा (व्ही११) १६ आकडी दिलात तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. म्हणजे १० तारखेला विमा संपतोय आणि तुम्ही १६ आकडी नंबर टाकलात, तर मधले वीस दिवस गाडी ना विम्यात, ना सॉर्नमध्ये. म्हणून आधी सॉर्न करा, ते लागू झाल्याची खात्री करा, मगच विमा सोडा. टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात. तुटक दिवसांचे मिळत नाहीत.

सॉर्न केलेली गाडी घरासमोरच्या रस्त्यावर लावून चालत नाही, एक चाकही नाही. आधी वेळ ठरवलेल्या एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याची) किंवा तशा दुसऱ्या तपासणीला नेणं-आणणं एवढाच अपवाद, आणि त्या फेरीलाही विमा हवाच. ‘बंदच आहे, उभीच आहे’ हा बचाव फार जुना. इंजिन चालत नसलेली गाडी रस्त्यावर उभी ठेवणं हाही ‘वापर’च, असं इंग्लंडच्या कोर्टाने १९५९ सालीच ठरवलंय. चोरी आणि आगीपुरता विमा मात्र जरूर ठेवा. सॉर्न गाड्यांसाठी तशा पॉलिसी मिळतात.

प्रश्न : मुलगा माझ्या गाडीतून जेवणाची पार्सलं पोचवतो. पोलिसांनी थांबवायला हात केला, तो घाबरून तसाच घरी आला. तासाभराने पोलीस आले आणि ड्राइव्हवेवरून गाडी घेऊन गेले. विमा चालू होता. वॉरंटशिवाय आवारात शिरता येतं का?

उत्तर : येतं. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये २००५ च्या दुरुस्तीने कलम १६५ए आलं. विम्याशिवाय किंवा योग्य लायसन्सशिवाय चालवलेली गाडी गणवेशातला पोलीस त्याखाली जप्त करू शकतो आणि त्यासाठी आवारात शिरू शकतो, गरजेपुरतं बळही वापरू शकतो. कायद्याने वगळलंय फक्त ‘खासगी राहतं घर’. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की गॅरेज, घराला जोडलेली शेड आणि आवार हे ‘घरा’त मोजायचं नाही. गॅरेजला कुलूप आहे म्हणून गाडी सुरक्षित, असं नाही. चावी तुमच्या खिशात असल्यानेही काही अडत नाही, रिकव्हरी ट्रकला चावी लागत नाही.

या अधिकाराला दोन लगाम आहेत. एक, गाडी कोणीतरी चालवलेली असली पाहिजे. महिनाभर ड्राइव्हवेवर उभी असलेली गाडी या कलमाखाली उचलता येत नाही. दुसरा, चालक थांबला नाही किंवा निघून गेला तर जप्तीला २४ तासांची मुदत असते. तुमच्या बाबतीत तासाभरातच झालं.

आता ‘विमा चालू होता’ याबद्दल. सर्टिफिकेटवर वापराचा रकाना वाचा. ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’ (घरगुती कामं आणि फिरणं) एवढंच असेल तर पैसे घेऊन पार्सल पोचवणं त्यात बसत नाही. त्याला ‘हायर अँड रिवॉर्ड’, म्हणजे पैसे घेऊन वाहतूक करण्याचं कव्हर, लागतं. मुलाचं नाव पॉलिसीत आहे का, हेही बघा. नसेल तर तो चालवत असताना विमा नव्हताच. विम्याशिवाय चालवण्याला ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये कोर्टात दंडाला वरची मर्यादा नाही. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटांत ते रद्द होतं आणि परीक्षा पहिल्यापासून. न थांबल्याचा गुन्हा वेगळा.

प्रश्न : जप्त गाडी सोडवायला काय लागतं? मित्र म्हणतो, त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या ‘दुसऱ्या गाड्या चालवण्या’च्या कव्हरवर आणता येईल.

उत्तर : येणार नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली फेरी फुकट जाते. मित्राच्या सर्टिफिकेटवरची बारीक अक्षरं वाचा : ज्या गाडीचा नंबर वर छापलाय ती सोडून इतर जप्त गाडी सोडवायला हे सर्टिफिकेट चालणार नाही, असं बहुतेकांवर लिहिलेलं असतं. दिवसा-आठवड्याच्या पॉलिसीत तर जप्त गाड्या सहसा वगळलेल्याच असतात. त्या गाडीच्या नंबरावरची वार्षिक पॉलिसी किंवा खास जप्त गाड्यांसाठीची, साधारण ३० दिवसांची पॉलिसी लागते.

नोटीस मिळाल्यापासून सात कामाचे दिवस हातात असतात. जप्तीची नोटीस, फोटोचं ओळखपत्र, लायसन्स, लॉगबुक किंवा मालकीचा पुरावा, विम्याचं सर्टिफिकेट आणि एमओटी घेऊन जा. सर्टिफिकेटच न्या, हप्त्याची पावती नको. साडेतीन टनांपर्यंतची, धड उभी असलेली गाडी उचलण्याचे २०२३ पासून १९२ पौंड आणि ठेवण्याचे दिवसाला २६. सात दिवस घोळ घातलात तर ३७४ झाले. चौदा दिवसांनंतर गाडी विकतात किंवा मोडीत काढतात.

चालवणारा दुसरा होता, तुम्हाला माहीत नव्हतं, संमती नव्हती आणि रोखणंही हातात नव्हतं, असं पटवता आलं तर हे शुल्क माफ होतं. चारही गोष्टी लागतात. चावी दाराशेजारच्या खुंटीवर असेल तर चौथी पटवणं अवघड.

प्रश्न : फ्लॅटच्या सामायिक पार्किंगमध्ये गाडी आहे. विमा आहे, टॅक्स संपलाय. जॅमर लागेल का?

उत्तर : लागू शकतो. टॅक्स नसलेल्या गाडीला डीव्हीएलए २००८ पासून रस्त्याबाहेरही जॅमर लावू शकते. सूट आहे ती राहत्या घराला लागून असलेल्या आणि घराबरोबरच वापरल्या जाणाऱ्या जागेला. स्वतंत्र घराचा ड्राइव्हवे त्यात सरळ बसतो. सगळ्या इमारतीचं मोकळं पार्किंग बसतं की नाही यावर वाद घालता येईल, पण तो जॅमर लागल्यावर, पैसे भरून. त्यापेक्षा आजच टॅक्स भरा, नाहीतर ११ आकडी नंबर घेऊन सॉर्न करा.