अरेस्केइया म्हणजे खुशामत का?

‘अरेस्केइया’ या प्राचीन ग्रीक शब्दाला मराठीत ‘खुशामत’ म्हणावं का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये.

आधी रूपं पाहू. मूळ क्रियापद ‘अरेस्को’, म्हणजे आवडणं, रुचणं. त्यातला ‘स्क’ भविष्यकाळात गळतो (‘अरेसो’), साध्या भूतकाळातही गळतो (‘एरेसा’). ज्याला आवडतं तो चतुर्थीत येतो: ‘अरेस्केइ मोइ’, सरळ ‘मला आवडतं’! इंग्रजीच्या वाटेने ग्रीककडे येणाऱ्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. आजचे ग्रीकही ‘मू अरेसी’च म्हणतात, फक्त चतुर्थीची जागा षष्ठीने घेतली आहे. ‘अरेस्तोस’ म्हणजे रुचणारा. ‘अरेस्कोस’ मात्र सगळ्यांना रुचावं म्हणून धडपडणारा, आणि त्याचा तो स्वभाव म्हणजे अरेस्केइया.

ॲरिस्टॉटल ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात सांगतो की अरेस्कोस प्रत्येक गोष्टीची वाहवा करतो, कुणाला दुखवायला नको म्हणून कशालाच विरोध करत नाही, पण त्यामागे स्वार्थ नसतो. पैशावर किंवा फायद्यावर डोळा ठेवून हेच करणारा तो ‘कोलाक्स’. म्हणजे आपला खुशमस्कऱ्या हा कोलाक्स झाला. गंमत अशी, की अरेस्कोस आणि भांडकुदळ यांच्या मधल्या चांगल्या गुणाला नावच नाही, असंही तो म्हणतो. त्यातल्या त्यात मैत्रीसारखा, एवढंच.

त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने ‘स्वभावचित्रां’त या माणसाचं चित्रच काढलंय. लवाद म्हणून एका पक्षाने बोलावलं, तरी याला विरुद्ध पक्षालाही खूश करायचं असतं. परक्यांना सांगणार, आमच्या नागरिकांपेक्षा तुमचंच बोलणं न्यायाचं. जेवायला गेला की यजमानाची मुलं बोलावून घेणार आणि म्हणणार, अंजिराला अंजीर सारखं नसेल इतकी ही बापासारखी आहेत! अशाला आपण ‘सगळ्यांची मर्जी राखणारा’ म्हणू. ‘गोडबोल्या’ म्हटलं तर लबाडीचा वास येतो.

बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाच्या नावाच्या पत्रांत ‘अँथ्रोपारेस्कोस’ (माणसांना खूश करू पाहणारा) हा जोडशब्द निंदेनेच येतो. पण कलस्सैकरांस पत्रात (१:१०) अरेस्केइया देवाच्या संदर्भात आहे, आणि तिथे निंदेचा मागमूस नाही. तिथे ‘प्रसन्न करणं’ हाच अर्थ घ्यावा लागतो.