“काही दिवसांपासून” म्हणजे नेमके किती?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. “पाळलेला बॉल पायथन अजगर काही दिवसांपासून खात नाही, पाण्याच्या भांड्यात बसून असतो, थोडा बारीक वाटतो,” असे तू लिहितोस. काही दिवस म्हणजे किती? बारीक म्हणजे किती ग्रॅमने? तुझा जीव टांगणीला लागला आहे हे मला कळते; परंतु एवढ्यावरून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणत्या डॉक्टरांनी तरी काय सांगावे? वही कर आणि लिहून ठेव.

मोठा बॉल पायथन हिवाळ्यात महिना-दोन महिने न खाताही धडधाकट राहू शकतो, हे तुलाही ठाऊक आहे. नेमकी हीच माहिती मला नडली. माझ्या सापाने थंडीत खाणे सोडले तेव्हा मी निर्धास्त राहिलो, आणि भारनियमनात त्याच्या पेटीखालची उष्णतेची चटई रात्री किती वेळ बंद पडते, हे कधीच टिपले नाही. एका रात्री वीज गेली असताना पेटीतून बारीक टिकटिक ऐकू आली. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर तो मान उंच धरून बसला होता आणि नाकपुडीशी एक बुडबुडा फुगत होता, विरत होता. सापाला श्वासपटल नसते, आपल्यासारखे खोकून चिकटा बाहेर टाकता येत नाही. साचतो तो साचतोच. डॉक्टरांनी विचारले, “मागचे वजन किती होते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आठव्या दिवशी तो गेला.

घरचे म्हणत, “जनावराला कसला दवाखाना?” त्यांचे ऐकून मी थांबलो नव्हतो. हिवाळ्यात वाट पाहणे बरोबरच होते, हे मी आजही म्हणेन. वजन न करता वाट पाहिली, तेवढे चुकले. म्हणून लिहून ठेव.

आज स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे, झाकणाचा रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आण, मग त्यात साप ठेवून वजन कर. दर रविवारी हेच कर. वजन दहाव्या हिश्शाने घटले, तर हिवाळ्याचे कारण पुढे करू नकोस. भांड्यातले पाणी पांढऱ्या ताटात ओत. तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले, तर अंगावर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, झाले आहेत. ठिपके नसतील आणि डोळे निळसर धुरकटले असतील, तर तो कात टाकणार आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याला पाण्यात बसावेसे वाटते. तेव्हा आर्द्रता साठ टक्क्यांपर्यंत आण आणि त्याला हाताळू नकोस. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवरचे पारदर्शक कवच कातीबरोबरच निघते. म्हणून टाकलेली कात पसरून दोन्ही डोळ्यांचे गोल तपास. एखादा राहिला असेल तर नखाने काढायला जाऊ नकोस. तारीख, वजन, उबदार बाजूचे आणि थंड बाजूचे तापमान, विष्ठा, कात, सारे लिहून ठेव.

तोंड उघडून श्वास घेणे, नाकाशी फेस, हिरड्यांवर पिवळसर पू किंवा मान मागे टाकून छताकडे पाहत राहणे, यांतले काहीही दिसले तर रविवारची वाट पाहू नकोस; त्याच दिवशी नीघ.

पाळलेल्या विदेशी प्राण्यांसाठीच्या 2024 च्या नियमांप्रमाणे केलेल्या नोंदणीचे कागद ज्या फाइलीत ठेवतोस, तिथेच ही वही ठेव. आजचे वजन ग्रॅममध्ये कळव. “बरा वाटतो” असे लिहून पाठवू नकोस.