राग येतो, त्याला पाट कुठं मांडायचा?

प्रश्न : ताई, मी गुहागरजवळच्या एका वाडीत राहते. वय ४८. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तीन वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. गेल्या माघात त्या गेल्या. बाराव्याला मुंबईहून आलेले दीर चारचौघांत म्हणाले, "आईला वेळेवर मुंबईला आणली असती तर वाचली असती." तेव्हापासून आत नुसतं पेटलंय. मुलीने मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई म्हणते, "स्वीकारा, सोडून द्या." पहाटे दहा मिनिटं बसते, तर दिरांचा चेहराच समोर येतो आणि राग दुप्पट होतो. गणपतीला ते येणारच. माझं ध्यान चुकतंय का? आणि स्वीकारायचं म्हणजे ते बोलले ते खरं मानायचं का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही. दिरांचं बोलणं स्वीकारायचं नाहीये. ते आठवलं की तुमच्या छातीत जे होतं, ते आत्ता होतंय, एवढंच कबूल करायचं. अ‍ॅपमधल्या बाईंनी हे सांगायला हवं होतं, पण दहा मिनिटांत त्या तरी काय काय सांगणार!

ध्यानही चुकत नाहीये. दिवसभर चूल, गोठा, आगर यात रागाकडे बघायला सवड नसते. पहाटे बसलात की तो दिसतो, म्हणून वाढल्यासारखा वाटतो.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. निवृत्तीनंतर इगतपुरीला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला गेले. पहिले तीन दिवस नाकपुडीपाशी श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगातल्या संवेदना. बोलणं बंद. मला वाटलं होतं, छान शांत वाटेल. पाचव्या दिवशी आठवलं काय, तर भावाने मला न विचारता भंगारात घातलेलं आईचं तांब्याचं घंगाळ. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट! तासभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, वाक्यं जुळवून जुळवून. मग लक्षात आलं, उजवा जबडा इतका आवळलाय की दाढ ठणकतेय. भांडण तिथंच टाकलं आणि नुसतं जबड्याकडे बघत बसले. ठणका, मग ऊब, मग मुंग्या. की परत घंगाळ हजर. परत जबडा. असं कितीदा झालं, मोजलं नाही. भावाला मी आजही माफ केलेलं नाही. पण त्याच्याकडे जेवायला जाते तेव्हा दाढ ठणकत नाही.

"सोडून देणं" म्हणतात ते मला एवढंच सापडलं. मुद्दाम सोडायला गेलं की हात अजून घट्ट मिटतो. १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी याच धर्तीचं ध्यान रुग्णांना शिकवायला घेतलं. आठ आठवड्यांचा कार्यक्रम. येणारे बरेचसे वर्षानुवर्षांच्या दुखण्याचे. दुखणं पळवून लावायचं नव्हतं, दुखण्याशी झुंजून जो वरचा त्रास होतो तो उतरवायचा होता.

आणि आपली भाषा तर हे आधीपासून बोलते. आपण "राग येतो" म्हणतो, "रडू येतं" म्हणतो. आलेल्याला ओटीवर पाट द्यावा. माजघरात त्याचा मुक्काम नको आणि दारातून हाकलणंही नको, तो मागच्या दाराने येतो. (दीर मात्र पाहुणे नव्हेत, त्यांचं पुढे बघू.)

तुम्ही सध्या डोळे मिटून बसूच नका. रोज नारळ खवता ना? विळीवर बसलात की पहिली अर्धी वाटी लक्ष तिथंच ठेवा. करवंटीवर तळव्याचा दाब, पात्याची खर्रखर्र, ओल्या खोबऱ्याचा वास. दीर आठवले तर मनात म्हणा, "राग आलाय." मग तो अंगात कुठं बसलाय ते शोधा. घशात? खांद्यात? तिथं दोन-तीन श्वास थांबा आणि पुन्हा हाताकडे या. पात्याकडे लक्ष असू द्या हो, बोट कापून घेऊन मला पत्र लिहू नका.

एक शंका येते, चुकत असेन तर सोडून द्या. या रागाखाली "खरंच मुंबईला न्यायला हवं होतं का?" हा प्रश्न तर नाही? असेल तर तोही येऊ दे. तो आला की बहुधा रडू येईल. तीन वर्षं ज्यांची कूस बदलली त्या माणसासाठी तुम्ही अजून नीट रडलाही नसाल. डॉक्टरांचे कागद घरात असतील तर एकदा काढून वाचा, तेव्हा काय माहीत होतं ते त्यात दिसेल.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ध्यानावर विसंबू नका. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता दीर. त्यांना सांगायचंच. फक्त गौरी जेवतात त्या दिवशी नको, घरात माणसं फार. विसर्जनानंतरही नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष परतीच्या एसटीत. ते आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा झाला की पडवीत. "भावोजी, बाराव्याला तुम्ही जे बोललात ते मला लागलं," एवढंच वाक्य, आणि गप्प बसा. ते काय म्हणाले ते मला कळवा.