बायोसच्या चुकीचा भुर्दंड मला का? चोपड्याच्या मुलाला उत्तर

पत्र मिळालं रे भाऊ. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, हा मुलगा चोपड्याचा, घरी केळीची बाग, जळगावात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सेकंडहँड पीसी घेतला, रॅम ४ जीबी पण लिनक्स ३च दाखवतं आणि बूट लॉगमध्ये (मशीन सुरू होतानाच्या नोंदीत) येतं की बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, बग आहे, एमटीआरआर (सीपीयूमधली रजिस्टर, खाली सांगतो) सगळी मेमरी कव्हर करत नाहीत, म्हणून एवढी रॅम सोडली. तो विचारतो, चूक बायोसची तर रॅम माझी का जाते, आणि अशा बायोस-लिनक्सच्या कामात करिअर आहे का, कारण वडील म्हणतात वेबसाईट बनवायला शीक.

तुमची शेती आहे तर तसंच सांगतो. बायोस कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीची यादी देतं, ई८२० म्हणतात, तो सातबारा समज. आणि कुठल्या तुकड्याला कॅश (सीपीयूजवळची छोटी, वेगवान मेमरी) लावायचा ते सीपीयूच्या एमटीआरआर रजिस्टरमध्ये, ती मोजणी. ४ जीबीच्या खालची काही जागा पीसीआय डिव्हाइसना (ग्राफिक्स, नेटवर्कसारख्या कार्डांना) लागते म्हणून तेवढी रॅम वर सरकवतात, आणि तुझ्या बोर्डचं बायोस बहुतेक त्या वरच्या तुकड्याची मोजणी लिहायलाच विसरलंय. कर्नलने तो तुकडा वापरला तर चालेल, पण कॅशशिवाय, आणि लिनक्स मेमरी वरच्या टोकाकडून वाटायला घेतं म्हणजे अख्खं मशीन बैलगाडी होणार. म्हणून २००८ पासून लिनक्स असा तुकडा सोडून देतं, वाद असलेल्या बांधावर आपण पेरत नाही तसं. मला हे एकदम पटतं. बायोससारख्या फर्मवेअरवर डोळे झाकून विश्वास नको, पण गुपचूप सांभाळूनही घेऊ नये, नाहीतर बोर्डवाल्याला चूक कळणार कधी? मोठ्याने सांगायचं, आणि ज्याला कळतं त्याच्या हातात स्विच द्यायचा.

तो स्विच तुझ्याकडे आहे. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) एका बूटपुरतं disable_mtrr_trim म्हणजे "डिसेबल एमटीआरआर ट्रिम" हा पॅरामीटर देऊन बघ, रॅम सोडली जाणार नाही पण मशीन खूप हळू होऊ शकतं, नाही जमलं तर पुढच्या बूटला आपोआप जातो. बायोस अपडेट मिळालं तर मित्राचा यूपीएस आणूनच कर, आपल्याकडे लाइटचं माहितीये ना, मध्येच गेली तर बोर्ड गेलं.

करिअर आहे, नक्की आहे. इंटेल, एएमडीच्या बंगळुरूच्या टीम हेच करतात. फ्रेशरच्या जागा वेबपेक्षा कमी, हे वडिलांपासून लपवू नको, त्यांची काळजी खरी आहे. म्हणून जावास्क्रिप्ट सोडू नको, पण सी आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं कर, प्रयोग क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं आभासी मशीन) कर म्हणजे हार्डवेअर बिघडायची भीती नाही.

आणि उद्याच प्रोक फोल्डरमधली एमटीआरआर फाईल उघड, प्रत्येक ओळीचा बेस आणि साईज वहीत लिही, ई८२०च्या शेजारी मांड, कुठला तुकडा सुटलाय ते स्वतः शोध आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.